दहा राग आणि तीन यंत्रे : मुंबईतील इलेक्ट्रॉनिक संगीताचा पूर्वेतिहास

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. भैरवापासून बैरागीपर्यंत दहा राग तिच्यावर होते. तंबोरा, तबला, सतार किंवा बासरी मात्र तिच्यात कोठेही नव्हती. तिच्यातील सर्व स्वर आणि सर्व ठेका रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांतून काढलेला होता आणि ही यंत्रे हाताळणारे चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतात अनेक वर्षे वाजवत आलेले वादक होते. त्या काळी या ध्वनिमुद्रिकेची फारशी दखल कोणी घेतली नाही, परंतु २०१० मध्ये ती नेदरलँड्समध्ये पुन्हा निघाली आणि पुढे शिकागो शहरात जन्मलेल्या एका नृत्यसंगीत-प्रकाराची अनपेक्षित पूर्वज म्हणून जगभर गाजली. या उशिरा आलेल्या कीर्तीमुळे तिच्याकडे एक विलक्षण योगायोग म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. वस्तुतः ही ध्वनिमुद्रिका मुंबईच्या स्टुडिओंतील तीन दशकांच्या वादनव्यवसायातून आणि महाराष्ट्रात त्याहूनही आधी सुरू झालेल्या, पेटीच्या पट्ट्यांवर राग वाजू शकतो की नाही या वादातून सरळ उतरलेली आहे, आणि तो इतिहास समजून घेतल्याशिवाय तिचे मोल नेमके ठरवता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक संगीत ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने घ्यावयाची आहे. विजेच्या गिटारमध्ये तार प्रत्यक्ष कंप पावते आणि वीज तो कंप केवळ मोठा करते, तर इलेक्ट्रॉनिक वाद्यात मूळ कंपच विद्युत-मंडलात निर्माण होतो. अशा कंपाचा उगम असलेल्या मंडलाला आंदोलक म्हणतात. त्यातून निघालेल्या स्वरातील काही अंश गाळून त्याचा पोत बदलणाऱ्या भागाला गाळक म्हणतात. आणि आंदोलक, गाळक व स्वराचा चढउतार ठरवणारी मंडले एकत्र बसवलेले वाद्य म्हणजे सिंथेसायझर होय. तार, कातडे किंवा फुंक यांवाचून स्वर निर्माण करणारे हे तंत्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तयार झाले होते, पण त्यातून संगीत कोणी, कोठे आणि कोणाच्या पैशाने करावे याची उत्तरे देशोदेशी निराळी मिळाली.

युरोपात हे उत्तर सरकारी नभोवाणीने दिले. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाडीसारख्या प्रत्यक्ष आवाजांच्या मुद्रणांतून रचना केल्या, त्यानंतर कोलोन येथे शुद्ध विद्युत-स्वरांवर काम करणारा स्टुडिओ उभा राहिला, आणि १९५५ मध्ये इटलीच्या 'राय' या राष्ट्रीय नभोवाणीने मिलान शहरात 'स्तुदिओ दी फोनोलोजिया' स्थापन केला. लुचानो बेरिओ आणि ब्रूनो मादेर्ना या दोन इटालियन संगीतकारांची जोडी या स्टुडिओची प्रवर्तक होती. मिलान शहराचे ध्वनिचित्र रेखाटणारी 'रित्रात्तो दी चित्ता' ही नभोवाणी-रचना त्यांनी १९५४ मध्येच संयुक्तपणे सादर केली होती आणि स्टुडिओच्या स्थापनेची भूमिका तिच्यामुळे तयार झाली. तेथे नऊ आंदोलक होते, मारिनो झुक्केरी हे तंत्रज्ञ संगीतकारांच्या कल्पनांना फितीवर उतरवीत, आणि १९५८ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनीही आपली 'फोंताना मिक्स' ही रचना तेथेच केली. स्टुडिओ १९८३ मध्ये बंद झाला, पण त्याची यंत्रे मोडीत गेली नाहीत. ती आज मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातील वाद्यसंग्रहालयात मांडलेली आहेत. पगारी तंत्रज्ञ, बाजाराच्या मागणीपासून मोकळीक आणि झालेल्या कामाची जपणूक या तिन्ही गोष्टी मिलानला संस्थेमुळे मिळाल्या.

भारतात या प्रकारचा एकच प्रयत्न झाला आणि तो अहमदाबादला. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला. या उपक्रमामागे असलेल्या गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे दिले होते, त्यामुळे अहमदाबाद आणि मिलान या दोन्ही ठिकाणच्या प्रयोगांना एका दूरच्या धाग्याने जोडता येते. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे केलेल्या रचना पुढे संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल परगस यांना त्या फिती २०१७ मध्ये तेथे आढळल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. अहमदाबादच्या स्टुडिओला संस्थेचा आधार होता, परंतु श्रोता नव्हता. मुंबईची स्थिती याच्या अगदी उलट होती : तेथे इलेक्ट्रॉनिक स्वराला कोट्यवधी श्रोते मिळाले, परंतु त्याला आधार देणारी संस्था कधीच मिळाली नाही.

मुंबईत हा स्वर चित्रपटाच्या वाटेने आला आणि आला तो आपली ओळख लपवून. फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तँ यांनी १९४७ मध्ये तयार केलेले क्लॅव्हिओलिन हे लहानसे पट्टीवाद्य एका वेळी एकच स्वर वाजवू शकत असे, पण त्याच्या कळा बदलून स्वराचा पोत पालटता येई. हेमंतकुमार यांनी संगीत दिलेल्या 'नागिन' (१९५४) या चित्रपटात गारुड्याच्या पुंगीचा आवाज हवा होता, आणि तो पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतील ज्येष्ठ म्हणून प्रसिद्ध झालेल्या कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिनवर काढला. खऱ्या पुंगीपेक्षा हा आवाज अधिक स्वच्छ, अधिक लवचिक आणि ध्वनिमुद्रणाला सोपा होता, आणि लोकांनी तो पुंगीचाच म्हणून इतका मनापासून स्वीकारला की वरातीतले बँडही तीच धून वाजवू लागले. भारतीय श्रोत्याच्या कानावर पडलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक स्वर अशा रीतीने एका ग्रामीण वाद्याच्या वेषात आला, ही गोष्ट पुढील सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण मुंबईच्या स्टुडिओंनी नव्या यंत्राकडे प्रथम नेहमी एकच मागणी केली, ती म्हणजे ओळखीच्या आवाजाची नक्कल.

हा स्वर खेड्यापाड्यांत पोचला त्याच्या वाटाही ध्यानात घेण्याजोग्या आहेत. उदाहरणार्थ, मराठवाड्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव आणि त्याचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे एक नभोवाणी-केंद्र औरंगाबादला होते आणि ते १९५० मध्ये आकाशवाणीकडे आले. परंतु १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा कल शास्त्रीय संगीताकडे होता आणि त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीतांना आकाशवाणीवर फारसा वाव उरला नाही. श्रोते त्यामुळे रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला हे श्रोते परत मिळवावे लागले. म्हणजे मराठवाड्यातील पिशोरसारख्या गावांना इलेक्ट्रॉनिक स्वराची पहिली ओळख झाली ती सीमेपलीकडच्या रेडिओतून, फिरत्या तंबूतील सिनेमातून आणि बँडवाल्यांच्या पितळी वाद्यांतून. त्याच काळात मिलानच्या श्रोत्याला असा स्वर देशाच्या अधिकृत नभोवाणीवर, संगीतकाराच्या नावासह ऐकायला मिळत होता.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादनाचा व्यवसाय कसा चाले हे पाहिल्याशिवाय यंत्रांचे पुढचे आगमन कळत नाही. संगीतकार चाल बांधी. संयोजक, ज्याला या व्यवसायात अरेंजर म्हणत, ती चाल वाद्यांत वाटून देई आणि प्रत्येक वादकासाठी स्वरलिपी लिही. आणि वादक दर ध्वनिमुद्रणामागे ठरलेला मोबदला घेत. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक या व्यवस्थेचा कणा होते, कारण गोव्यातील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मुलांना लहानपणीच मिळत असे. पारशी कुटुंबांतील वादकांनी तालवाद्ये आणि अकॉर्डियन सांभाळली, तर उत्तरेतील घराण्यांतून आलेल्या वादकांनी सतार, सरोद, सारंगी आणि तबला. मराठी वादक-संयोजकांचा वाटाही मोठा होता : व्हायोलिनवादक प्रभाकर जोग, तालवादक दत्ताराम वाडकर, तसेच 'अनिल-अरुण' या नावाने मराठी चित्रपटांना संगीत देणारे अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हे सारे याच व्यवस्थेत वाढले. ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ आणि अशाच काही दालनांत साठ-सत्तर वादकांचा वृंद एकाच वेळी बसून गाणे मुद्रित करी, आणि चूक झाली की सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे.

या व्यवस्थेत सिंथेसायझर आणला तो केर्सी लॉर्ड यांनी. त्यांचे वडील कावस लॉर्ड आणि बंधू बर्जोर लॉर्ड हेही नामांकित तालवादक होते, आणि स्वतः केर्सी हे तालवाद्यांपासून अकॉर्डियनपर्यंत अनेक वाद्ये वाजवीत. रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत भिंतभर पसरणारा सिंथेसायझर १९६० च्या दशकात तयार केला होता आणि त्याचे हाती उचलता येईल असे लहान रूप, म्हणजे मिनीमूग, १९७० मध्ये बाजारात आणले होते. केर्सी लॉर्ड यांनी हे यंत्र १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत आणले. एकच वादक एका यंत्रावर अनेक वाद्यांचे आवाज काढू लागला तर इतरांची रोजी जाईल, ही शंका वादकांच्या मनात तेव्हाच उभी राहिली. ही भीती अवाजवी नव्हती, पण ती खरी ठरायला आणखी वीस वर्षे लागली, कारण मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजत असे आणि वृंदाची जागा घेणे त्याला शक्य नव्हते. म्हणून सत्तरच्या दशकात सिंथेसायझर हे वृंदातील आणखी एक वाद्य एवढ्याच नात्याने राहिले आणि भय, स्वप्न, नशा किंवा अंतराळ सुचवायचे असेल तेथे त्याला बोलावणे येई.

चरणजित सिंग यांची घडण याच वातावरणात झाली. १९४० मध्ये जन्मलेले सिंग गिटार, बास गिटार आणि पट्टीवाद्ये वाजवीत, आणि शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल व राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या वृंदांत त्यांनी काम केले. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) या चित्रपटातील गाजलेल्या गाण्यात मागे अखंड घुमणारा जो स्वर आहे तो त्यांनी ट्रान्झिकॉर्डवर दिला होता. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे भात्याच्या हवेऐवजी विद्युत-मंडलातून स्वर काढणारा अकॉर्डियन, आणि तो बनवणारी फारफिसा ही कंपनी इटलीची होती. तंबोऱ्याचे काम एका इटालियन यंत्राने केल्याचे हे उदाहरण लहान वाटले तरी सूचक आहे, कारण पुढे १९८२ मध्ये सिंग यांनी जे केले त्याचे बीज त्यात दिसते : अखंड आधारस्वर ही भारतीय संगीताची मूलभूत गरज यंत्र उत्तम रीतीने भागवू शकते. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हा हीच गोष्ट व्यावसायिक पातळीवर सिद्ध झाली, आणि मिरजेच्या सतारमेकरांनी घडवलेल्या भोपळ्याच्या तंबोऱ्याशेजारी ही पेटी मैफलींतही दिसू लागली.

वृंदातील वादकाला स्वतःच्या नावाने काही करण्याची संधी एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांत. लोकप्रिय गाण्यांच्या चाली एखाद्या वाद्यावर वाजवून काढलेल्या या तबकड्या हॉटेलांत, समारंभांत आणि नभोवाणीवर दोन कार्यक्रमांमधील मोकळ्या वेळात वाजत. व्हॅन शिपली यांचे विद्युत-गिटार, पुण्याचे इनॉक डॅनिअल्स यांचे अकॉर्डियन आणि प्रभाकर जोग यांचे 'गाणारे व्हायोलिन' या प्रकारात विशेष गाजले. मराठी भावगीतांच्या श्रोत्याला जोगांच्या तबकड्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. चरणजित सिंग यांनीही चित्रपटगीतांच्या अशा तबकड्या काढल्या होत्या. कंपनीच्या दृष्टीने हा कमी खर्चाचा आणि बेताच्या खपाचा माल होता, त्यामुळे त्यात काय वाजवावे यावर फारशी देखरेख नसे. मिलानला संस्थेने जी मोकळीक जाणीवपूर्वक दिली होती, ती मुंबईत कंपनीच्या उदासीनतेमुळे आपोआप मिळाली, आणि 'टेन रागाज'सारखी ध्वनिमुद्रिका मुळात निघू शकली ती या फटीतून.

पट्टीच्या वाद्यावर राग वाजवणे हे मात्र १९८२ मध्येही निरुपद्रवी काम नव्हते, आणि त्याचे कारण हार्मोनियमच्या इतिहासात आहे. युरोपातून आलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात रुजले. संगीत नाटकांच्या रंगमंचावर त्याला आणि ऑर्गनला मानाचे स्थान मिळाले, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. परंतु त्याच्या सप्तकातील बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. दोन स्वरांमधील सूक्ष्म स्थाने, म्हणजे श्रुती, त्यात सापडत नाहीत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची क्रिया, म्हणजे मींड, त्यावर करता येत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुती वाजवणारी पेटी तयार करवून घेतली. १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत श्रुतींच्या या प्रश्नावर वादही झडला. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल होईपर्यंत देशातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापासून हे वाद्य अधिकृतरीत्या दूर ठेवले गेले. या घटनेला अवघी अकरा वर्षे झाली असताना चरणजित सिंग यांनी रागसंगीत अशा यंत्रांवर वाजवले, की ज्यांच्यापुढे हार्मोनियमही परंपरानिष्ठ वाटावी.

त्यांना तत्काळ प्रेरणा मिळाली ती डिस्कोची. बास ड्रमचा दर मात्रेला समान ठोका आणि त्यावर सतत फिरणारी खालच्या सप्तकातील स्वरावली हे या नृत्यसंगीताचे लक्षण होते, आणि त्याला पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक रूप देण्याचे श्रेय उत्तर इटलीतील ऑर्तिझेई येथे जन्मलेल्या जॉर्जिओ मोरोडर यांच्याकडे जाते. त्यांनी इंग्रज सहकारी पीट बेलॉट यांच्यासह म्युनिकमध्ये केलेले आणि डॉना समर यांनी गायलेले १९७७ चे गाणे जवळजवळ सर्वस्वी मूग सिंथेसायझरवर उभे होते. हिंदी चित्रपटात ही लाट 'कुर्बानी' (१९८०) मधील बिद्दू यांच्या गाण्याने आली आणि बप्पी लाहिरी यांच्या 'डिस्को डान्सर' (१९८२) ने शिगेला पोचली. गल्लोगल्ली डिस्को ऐकू येत असताना भारतीय रागांना हाच ठेका जोडला तर काय होईल, असा व्यवहारी विचार चरणजित सिंग यांनी केला. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे नावही कोणत्याही जाहीरनाम्यासारखे नसून मालाचे सरळ वर्णन करणारे आहे.

यासाठी त्यांनी परदेशातून आणलेली तीन यंत्रे तेव्हा बाजारात अगदी नवी होती. टीआर-८०८ हे १९८० मध्ये निघालेले ठेक्याचे यंत्र सोळा घरांच्या ओळीत ठोके मांडून ते हवा तितका वेळ फिरवत राही. टीबी-३०३ हे १९८१ च्या अखेरीस निघालेले छोटे यंत्र बासवादक नसलेल्या गिटारवादकाच्या सरावासाठी बनवलेले होते. त्यात खालच्या सप्तकातील स्वरावली आधी भरून ठेवावी लागे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय त्यात होती आणि गाळकाचे बटण फिरवले की त्याचा आवाज बंद तोंडाने गुणगुणल्यासारखा किंवा टोकदार किंचाळल्यासारखा होई. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर वाजवणारा मोठा सिंथेसायझर होता. खरी बास गिटार वाटावी म्हणून बनवलेले टीबी-३०३ त्या कामी सपशेल फसले, सुमारे दहा हजार नग तयार करून रोलँडने त्याचे उत्पादन १९८४ मध्ये थांबवले, आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. शिकागोतील फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये त्याच यंत्राच्या किंचाळत्या आवाजावर 'अॅसिड ट्रॅक्स' ही रचना प्रसिद्ध केली आणि तिच्यावरून 'अॅसिड हाउस' या प्रकाराचे नाव रूढ झाले. चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका या घटनेच्या पाच वर्षे आधीची आहे.

ध्वनिमुद्रिकेची रचना बारकाईने पाहिली तर तिच्यामागचा विचार उलगडतो. भैरव, ललत, भूपाली, तोडी आणि मधुवंती हे राग पहिल्या बाजूवर, तर मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी दुसऱ्या बाजूवर आहेत, आणि प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे दिलेली आहेत. पहाटेच्या ललतानंतर संध्याकाळचा भूपाली आणि त्यानंतर पुन्हा सकाळची तोडी येते, म्हणजे रागांच्या वेळेचे बंधन येथे पाळलेले नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी राग दहा थाटांत वाटले होते, पण येथील दहा राग प्रत्येक थाटाचा एकेक प्रतिनिधी म्हणूनही निवडलेले नाहीत, कारण भूपाली आणि यमन हे दोन्ही कल्याण थाटाचे आहेत. निवडीचे खरे सूत्र स्वरसमूहाच्या वेगळेपणात दिसते : भूपालीत मध्यम व निषाद नाहीत, मालकंसात ऋषभ व पंचम नाहीत, कलावतीत ऋषभ व मध्यम नाहीत, ललतात पंचम नसून दोन्ही मध्यम आहेत. थोडक्या स्वरांत ज्याचा चेहरा लगेच ओळखू येतो असा राग फिरत्या यंत्राला सोयीचा असतो, कारण यंत्रात भरलेल्या स्वरावलीला आलापाप्रमाणे हळूहळू उलगडता येत नाही. तिला पहिल्याच फेरीत रागाची ओळख पटवावी लागते.

ठेका आणि खालची स्वरावली यंत्रावर सोपवल्यामुळे वादकाचे दोन्ही हात रागविस्तारासाठी मोकळे राहिले आणि ज्युपिटर-८ वर सिंग यांनी जे वाजवले ते यांत्रिक मुळीच नाही. त्यात तानांचे वेगवान पट्टे आहेत, स्वरावर थांबणे आहे आणि सतारवादकाच्या झाल्याची आठवण करून देणारी लय आहे. भैरवातील कोमल ऋषभाचे आंदोलन, म्हणजे त्या स्वराचे संथ हेलकावे, या पट्ट्यांवर यावे तसे येत नाही आणि रागसंगीताच्या कसोटीवर ही उणीव मान्यच करावी लागते. परंतु टीबी-३०३ मधील घसरणारा स्वर मींडेच्या जवळ जातो, आणि हार्मोनियमला जे कधीच साधले नव्हते ते एका सरावयंत्राने काही प्रमाणात साधले, ही या ध्वनिमुद्रिकेची संगीतदृष्ट्या सर्वांत मोठी उपलब्धी आहे. तालाच्या बाबतीत मात्र तिने काहीच मिळवले नाही. समेला परत येण्याचा आनंद देणारे आवर्तन तिच्यात नाही, ठेका आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा आहे, आणि म्हणूनच ती मैफलीच्या श्रोत्याला अपुरी, तर नृत्याच्या श्रोत्याला परिपूर्ण वाटते.

पहिल्या प्रकाशनानंतर तिला या दोहोंपैकी कोणताच श्रोता मिळाला नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत जुन्या तबकड्यांच्या शोधात सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेमार्फत ती पुन्हा काढली, तेव्हा अनेकांना ही आधुनिक संगीतकाराने रचलेली थट्टा वाटली, इतकी ती १९८२ च्या मानाने अनोळखी होती. शंका फिटल्यावर वयाच्या सत्तरीत असलेल्या चरणजित सिंग यांना युरोपातील कार्यक्रमांची निमंत्रणे आली आणि तेथील तरुण श्रोत्यांपुढे त्यांनी हेच राग पुन्हा वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी अॅसिड हाउसचा शोध लावला हे विधान मात्र टिकत नाही, कारण शिकागोच्या कलावंतांना ही ध्वनिमुद्रिका ठाऊक असल्याचा कोणताही पुरावा नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी दोन स्वतंत्र हेतूंनी वापरले गेले आणि परिणाम जवळजवळ सारखा निघाला, इतकेच म्हणणे योग्य ठरते.

वादकांना सत्तरच्या दशकात वाटलेली भीती या मधल्या काळात खरी ठरली होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारा 'मिडी' हा संकेत १९८३ मध्ये ठरला, त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला, आणि त्यानंतरच्या दशकात संगणकाने वृंदातील एकेका वादकाचे काम हाती घेतले. साठ-सत्तर वादकांनी एकत्र बसून गाणे वाजवण्याची पद्धत शतक संपेपर्यंत जवळजवळ मोडली. अजय-अतुल या मराठी जोडीने 'सैराट' (२०१६) साठी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करून घेतले, तेव्हा मराठी चित्रपटाला मोठ्या वृंदासाठी परदेशी जावे लागणे हेच त्या मोडलेल्या व्यवस्थेचे मोजमाप होते.

इलेक्ट्रॉनिक स्वराची दुसरी शाखा याच काळात रस्त्यावर फोफावली. १९१२ च्या सुमारास जपानमध्ये तयार झालेले ताइशोगोतो हे टंकलेखन-यंत्रासारख्या कळांचे तंतुवाद्य भारतात बुलबुलतरंग म्हणून आले. महाराष्ट्रात त्यालाच बेंजो म्हणतात. त्याला विद्युत-ग्राहक बसवून, कर्ण्यांशी जोडून आणि सोबतीला ढोल, ताशे, सिंथेसायझर व रोलँडचा ऑक्टापॅड घेऊन मुंबईच्या वस्त्यांतील बेंजो पार्ट्यांनी गणेशोत्सवाच्या आणि लग्नाच्या मिरवणुकांचे संगीत घडवले. ऑक्टापॅड म्हणजे आठ चौकोनांवर काठीने आघात करून आठ निरनिराळे आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. ते १९८५ मध्ये आले आणि टीआर-८०८ ज्या कंपनीचे होते त्याच कंपनीचे होते. या वादकांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही तबकडीवर आली नाहीत, आणि आता मिरवणुकांत आवाजाच्या भिंती उभ्या करणाऱ्या डीजेंनी त्यांनाही मागे सारले आहे. तरीही रागाची चौकट न मानता, मराठी लोकलयीला इलेक्ट्रॉनिक वाद्यांशी सर्वांत यशस्वीपणे जोडण्याचे काम याच शाखेने केले आहे.

मुंबईच्या या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. मिलान किंवा अहमदाबादप्रमाणे येथे इलेक्ट्रॉनिक संगीत विचारवंत संगीतकारांनी घडवले नाही, तर रोजंदारीवर वाजवणाऱ्या कसबी वादकांनी घडवले. त्यामुळे ते लोकांपर्यंत अधिक पोचले आणि त्याची नोंद मात्र अत्यंत कमी राहिली. पुंगीच्या वेषात आलेल्या क्लॅव्हिओलिनपासून दहा रागांच्या तबकडीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर नवा आवाज काढणारा माणूस पडद्यामागे राहिला, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बहुधा संगीतकाराचे व फार तर सहायकाचे नाव झळकले. चरणजित सिंग यांचे नाव वाचले, कारण त्यांची एक तबकडी त्यांच्या स्वतःच्या नावावर निघाली आणि एका परदेशी संग्राहकाच्या हाती लागली. मिलानने आपले नऊ आंदोलक किल्ल्यात जपले. महाराष्ट्रातील संगीत-संस्थांनी, विद्यापीठांनी आणि ध्वनिमुद्रिका-संग्राहकांनी निदान मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांची नावे, त्यांची वाद्ये आणि हयात असलेल्यांच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम हाती घ्यावे, कारण ही पिढी वेगाने संपत आहे.